नवशिक्याची डोंगरी सायकलवाट : जऊळका परिसर

डोंगरी सायकल म्हणजे जिथे रस्ता नाही तिथे चालवण्यासाठी मुद्दाम बनवलेली सायकल. तिला जाड, खाचांचे टायर असतात, पुढच्या चिमट्यात शॉकअप असतात, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि बहुधा एकवीस गिअर असतात. त्यांपैकी अठरा नवशिक्याला शेवटपर्यंत सापडत नाहीत. रस्ता नसणे ही जिची पहिली अट, त्या वाहनाला वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या जऊळका रेल्वे या गावाचे शिवार चांगलेच मानवायला हवे, कारण रस्ता नसलेली जागा इथे भरपूर आहे. अडचण एवढीच की, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची वावरे आहेत ते लोक वर्षानुवर्षे पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, पक्की करून मागत आहेत. त्यासाठी ग्रामसभेत ठराव होतात, तहसीलला अर्ज जातात, निवडणुकीच्या आधी नारळही फुटतो. अशा पांदणीच्या तोंडाशी हेल्मेट घातलेला एक माणूस येऊन उभा राहतो आणि मोठ्या आशेने विचारतो, "पुढे रस्ता खराब आहे ना?" "लई खराब हाय," असे उत्तर मिळताच त्याचा चेहरा फुलतो. सांगणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी पहिली शंका इथे उत्पन्न होते.

खेळ तसा नवा आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमल्पायस या डोंगरावर चढवून तिथून खाली सोडायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथल्या एका मातीच्या उतारावर पहिली रीतसर शर्यत झाली. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोहोचल्यावर हब खोलून नवे ग्रीस भरावे लागायचे. पुढे त्यातूनच खास सायकली निघाल्या, कारखाने निघाले आणि 1996 साली अटलांटाला हा प्रकार ऑलिंपिकमध्येही गेला. वऱ्हाडातल्या खेड्यांत दप्तरांसह तिघे जण एका सायकलीवर बसून, ब्रेक नसताना, चपलेचा तळ टायरवर दाबत उतार उतरण्याची परंपरा बरीच जुनी आहे. पण तिथे कोणी वेळ मोजायला उभे राहिले नाही, त्यामुळे तिला खेळाचा दर्जा मिळाला नाही. घरी पोहोचल्यावर जे मिळाले ते वेगळे.

भूगोलाची थोडी माहिती आवश्यक आहे. सह्याद्रीत डोंगर आधी वर जातो आणि मग खाली येतो, त्यामुळे दमलेला माणूस उतारावर घरी परततो. जऊळक्याकडचा भाग पठारी आहे. इथे वाट आधी नाल्यात, खोऱ्यात उतरते आणि परत येताना चढते. नवशिक्या निघतो तेव्हा त्याला आपण जन्मजात सायकलपटू असल्याचा साक्षात्कार होतो, आणि हा साक्षात्कार नाल्याच्या तळापर्यंत टिकतो. शिवाय जिल्हा दोन मोठ्या खोऱ्यांच्या वाटणीवर बसलेला आहे. काटेपूर्णा उत्तरेला वाहत पूर्णेला आणि पूर्णेतून तापीला मिळते, म्हणजे अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा फेरा घेऊन बंगालच्या उपसागराला पोहोचते. चढावर गळणारा घाम कोणत्या समुद्राला जाणार, हे नवशिक्या कोणत्या अंगाला आडवा झाला यावर ठरते. उत्तरेकडच्या घामाला वाटेत महानचे धरण लागते आणि त्या धरणाचे पाणी अकोला शहर पिते, पण तो अकोल्याच्या लोकांचा प्रश्न आहे.

नवशिक्या हा बहुतेक वेळा गावाचाच असतो, फक्त मध्ये काही वर्षे पुण्याला जाऊन आलेला असतो. तिथे त्याला डॉक्टरने व्यायाम सांगितलेला असतो आणि सहकाऱ्याने सायकल. दिवाळीला किंवा घरून काम करायला म्हणून तो गावी येतो तेव्हा सायकल बसच्या टपावरून किंवा रेल्वेच्या लगेजच्या डब्यातून सोबत येते. अकोला–पूर्णा मार्ग मीटरगेजचा होता, तो 2008 साली ब्रॉडगेज झाला, आणि जऊळका हे त्या मार्गावरचे एक लहान स्टेशन आहे. फलाटावर सायकल उतरवली जाते त्या क्षणापासून तिची किंमत विचारली जाऊ लागते. नवशिक्या खऱ्या किमतीच्या निम्मी सांगतो. ऐकणारा म्हणतो, "एवढ्यात तर जुनी हिरो होंडा येते." निम्मी सांगूनही काही उपयोग झाला नाही हे कळते तोवर उशीर झालेला असतो, कारण खरी किंमत बायकोने आधीच सासूला सांगितलेली असते.

पोशाखात गादीची चड्डी हा महत्त्वाचा भाग. सायकलीचे सीट अरुंद आणि कडक असते, म्हणून चड्डीला आतून फोम शिवलेला असतो. ती घालून चालताना माणूस किंचित फाकून चालतो, आणि पारावरची मंडळी कोणाचीही विचारपूस करणारी असतात. "कमरेचं दुखणं हाय काय? मेहकरले एक माणूस हाय, चोळून देते," असा सल्ला फुकट मिळतो. गादीच्या चड्डीचे प्रयोजन चारचौघांत समजावून सांगण्याचा प्रयत्न आजवर कोणी पूर्ण करू शकलेला नाही.

निवांत, निसर्गरम्य वाट शोधण्याची पहिली पद्धत मोबाइलवरच्या नकाशाची. उपग्रहाच्या चित्रात पांदण आणि कोरडा नाला हे दोन्ही सारखेच दिसतात : झाडांच्या दोन रांगा, मध्ये मातकट पट्टा, सुरेख वळणे. जितकी वळणे सुरेख, तितका तो नाला असण्याचा संभव अधिक, कारण माणसाने काढलेली वाट धुऱ्याने, म्हणजे बांधाने, सरळ जाते आणि पाण्याला धुऱ्याशी काही देणेघेणे नसते. नवशिक्या सुरेख वळणांना भुलतो. थोड्या वेळाने तो गोट्यांच्या राशीत, सायकल खांद्यावर घेऊन, दोन्ही काठ डोक्याच्या वर गेलेले पाहत उभा असतो. मोबाइलमधली बाई मात्र ठामपणे सांगत राहते की सरळ जायचे आहे. नाला नसलाच तर ती वाट एखाद्या विहिरीपाशी संपते. वाट त्या विहिरीसाठीच केलेली असते, आणि विहिरीवर मालक असतो.

"कुठी चालले?"

"असंच."

"असंच कुठी?"

"असंच, फिरायला."

"फिराले? अन् इकडं काय हाय फिराले?"

या प्रश्नाला उत्तर नाही. निसर्ग आहे असे सांगावे तर समोरचा माणूस मागे वळून पाहतो, त्याला सोयाबीन दिसते, आणि सोयाबीनवर खोडमाशी दिसते.

दुसरी पद्धत अधिक शास्त्रीय असून तिच्यात धोकाही अधिक आहे. प्रत्येक गावाचा एक महसुली नकाशा असतो. त्यात शिवेवरून शिवेला जाणारे रस्ते, गाडीमार्ग, पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट मानतात. हा आकडा वाचून नवशिक्या हरखून जातो. त्याच्या सायकलीचे हँडल अडीच फुटांचे असते. म्हणजे येणारा-जाणारा दोघे आरामात जाऊन मध्ये एक म्हैस मावेल असा त्याचा हिशेब असतो. प्रत्यक्षात त्या पायमार्गाच्या दोन्ही अंगांना दोन शेतकरी असतात. दरवर्षी नांगरटीच्या वेळी एक जण अर्धा तास (नांगराची रेघ) इकडून कोरतो, दुसरा तेवढाच तिकडून. कोणी विचारलेच तर ट्रॅक्टरवाल्याचे नाव सांगतात. अशी काही साले गेली की सव्वाआठ फुटांचा धुरा दीड फुटांवर येतो, आणि त्यावरही कोणीतरी तुरीची ओळ लावलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 नुसार शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि अशा अर्जांची तहसील कचेऱ्यांना कधी टंचाई भासलेली नाही. मात्र "मजा म्हणून जायचे आहे" हे कारण त्या कलमात बसत नाही.

अशा दीड फुटी धुऱ्यावर, दोन भाऊबंदांच्या बरोबर मध्ये, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात नकाशा उघडलेला मोबाइल घेऊन एक परका माणूस थांबतो. त्याला पाहून जे घडायचे तेच घडते.

"मोजणीवाले काय तुमी?"

"नाही हो. सायकल चालवतोय."

"थे दिसतेच. पन मोजणी कवा हाय?"

"मला खरंच माहीत नाही."

"राहू द्या. एवढं मात्र पाहून घ्या, त्यानं दरसाली एक तास इकडं घेतला. थो आंबा आमच्या आज्यानं लावेल हाय."

तोवर पलीकडच्या वावरातून दुसरा पक्ष येऊन पोहोचतो. आंब्याच्या लागवडीविषयी त्याचे म्हणणे वेगळे असते. नवशिक्या दोघांच्या मध्ये, सायकलीवर एक पाय टाकून, कोणत्याच बाजूला कलंडू नये या बेताने उभा असतो. तो जितका कमी बोलतो तितका तो सरकारी वाटतो. शेवटी दोन्ही बाजूंचा चहा होतो. तो घेतल्याशिवाय सुटका नसते, आणि आधी कोणाचा घेतला हे दोघेही लक्षात ठेवतात. समृद्धी महामार्गासाठी या भागातल्या जमिनी गेल्या तेव्हापासून तर प्रश्नाचे रूपही थोडे बदलले आहे. हेल्मेटवाल्याला आता "कोन्ता रोड येऊन रायला?" असे विचारले जाते, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती आणि आशा यांचे प्रमाण त्याच्याकडे कोरडवाहू किती आणि ओलिताची किती यावर अवलंबून असते. कोणताच रोड येत नाही, असे खरे सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

तिसरी पद्धत म्हणजे सरळ विचारणे. परदेशातल्या सायकलवाटांना अवघडपणाप्रमाणे खुणा असतात : सोप्या वाटेला हिरवे वर्तुळ, मध्यमला निळा चौकोन, अवघडला काळा शंकरपाळा. जऊळक्यातही तीन प्रती प्रचलित आहेत, मात्र त्या तोंडी आहेत. "बैलगाडी जाते," "माणूस जाते" आणि "बकरी जाते." पहिल्या प्रतीच्या वाटेवर दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये गवताची उंच कड असते, नवशिक्या एका चाकोरीत शिरला की पांदण संपेपर्यंत त्याच चाकोरीत राहतो, कारण बाहेर पडण्याचे तंत्र पुढच्या वर्गात शिकवतात. दुसऱ्या प्रतीवर तो उतरून चालतो. म्हणजे वर्णन खरेच ठरते, माणूस जातो. तिसऱ्या प्रतीवर सायकल आधी जाते आणि माणूस तिच्या मागे बसून घसरत जातो. त्यातही अडचण अशी की, "सायकल जाईल का?" या प्रश्नाला "जाते ना!" याखेरीज उत्तर नसते. पाहुण्याला नाही म्हणणे वऱ्हाडी स्वभावात नाही. वाट माहीत नाही असे कबूल करणेही नाही. "हे काय, टेकाड उतरलं की नाला, नाला वलांडला की वाट," असे हात लांब करून सांगितले जाते, आणि हात जितका वर तितके अंतर जास्त, हे परिमाण कालांतराने अनुभवाने कळते.

काही वाटा डोळ्यांत भरतात, पण त्या वर्ज्य आहेत. रेल्वे रुळांच्या कडेने जाणारी पायवाट सपाट, सरळ आणि मोहक असते. परंतु रेल्वे कायदा 1989 चे कलम 147 तिथे विनापरवाना वावरणे हा गुन्हा ठरवते. समृद्धी महामार्ग हा 701 किलोमीटरचा रस्ता वाशिम जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. त्यावर दुचाकीला मनाई आहे आणि सायकल ही दुचाकीच असल्याने तिलाही. नवशिक्याला त्याचा उपयोग एवढाच की त्याच्या खालून शेतकऱ्यांसाठी ठेवलेल्या बोगद्यांत दुपारी सावली मिळते. तिथे एक गुराखी आधीच झोपलेला असतो. काटेपूर्णा अभयारण्य हे सुमारे 73 चौरस किलोमीटरचे जंगल वाशिम आणि अकोला जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. साग, सालई, धावडा, मध्ये दरी, चौशिंगे, भेकर : निवांत आणि निसर्गरम्य ही दोन्ही विशेषणे जिथे एकत्र बसतात अशी परिसरातली बहुधा हीच एक जागा. म्हणूनच तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि परवानगी घेऊन गेल्यावरही ठरलेला रस्ता सोडता येत नाही. वनरक्षकाला सायकलीच्या जाड टायरचे कौतुक वाटते. सोडत मात्र तो नाही, आणि ते योग्यच आहे.

उरते ती इ-क्लास. अमरावती विभागात सरकारी मालकीच्या, गावाच्या चराईसाठी ठेवलेल्या जमिनीला इ-क्लास म्हणतात. बरड, मुरमाड माळ, कुसळी गवत, अधूनमधून पळस आणि टेंभुर्णी, उतारावर गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून पाडलेल्या बारीक वाटा. गुरांना चढ टाळण्याची अक्कल उपजत असते. त्यामुळे त्यांच्या वाटा टेकाडाला आडव्या, हलक्या उताराने जातात आणि सायकलीला फार सोयीच्या पडतात. लाखो रुपये घेऊन सायकलवाटा आखणारे लोक परदेशात जे करतात ते इथे गावच्या गुरांनी फुकट केलेले आहे. नवशिक्याला हे कळते तेव्हा तो पहिल्यांदा खरोखर खूश होतो. गुरे परत येण्याची वेळ झालेली असते हे त्याला माहीत नसते. दीड फुटी वाटेवर समोरून गावचा अख्खा कळप आला तर कोणी बाजूला व्हायचे, याबाबत गुरांच्या मनात कसलाही संभ्रम नसतो.

आता निवांतपणाविषयी. गावाच्या आवाजापासून दूर गेले की शांतता मिळते ही समजूत सपाट प्रदेशात निरुपयोगी आहे. सप्ताहाच्या मंडपावरचा भोंगा गावाकडे तोंड करून कमी आणि शिवाराकडे तोंड करून जास्त लावलेला असतो. मृदंग खोऱ्यातून पलीकडच्या गावी जातो आणि तिकडचा इकडे येतो. सोयाबीन निघाले की मळणी यंत्रे सुरू होतात. फवारणीच्या दिवसांत पाठीवरचे पंप घुमतात. लग्नसराईत डीजे असतो, त्याविषयी काही लिहून उपयोग नाही. तरीही एखाद्या सकाळी, तुरीच्या आड, नाल्याच्या कडेला, खरोखर काहीच ऐकू येत नाही अशी जागा सापडते. नवशिक्या सायकल आडवी टाकतो, डोळे मिटतो, पुण्यात शिकलेला दीर्घ श्वास घेतो. तेवढ्यात अगदी जवळून आवाज येतो, "हाऽऽड! ए, हाड! हो तिकडं! हाऽऽड!" नवशिक्या दचकून उठतो, हात जोडतो, "दादा, जातोच आहे," म्हणतो. उत्तर येत नाही. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा, त्याच सुरात, "हाऽऽड! ए, हाड!" तो क्षमा मागतो, आपले गाव सांगतो, वडिलांचे नाव सांगतो. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर त्याला राग येतो आणि तो आवाजाच्या दिशेने तावातावाने जातो. तिथे बांबूला एक बॅटरीचा स्पीकर टांगलेला असतो. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी पीक खाऊ नये म्हणून शेतकऱ्याने आपलाच आवाज मेमरी कार्डात भरून तो लावून ठेवलेला असतो. स्वतः शेतकरी घरी झोपलेला असतो, कारण शेतीपंपाला वीज रात्रीची होती आणि त्याने रात्रभर पाणी दिलेले असते. त्याच वावराभोवती झटका मशीनची तारही असते. तिला हात लावून पाहू नये, एवढी सूचना इथे पुरेशी आहे.

यंत्र नसेल तिथे माणूस असतो, आणि माणसाला काळजी असते. थांबलेली सायकल हे संकटाचे चिन्ह समजतात. "पंक्चर झाली काय?" "पानी पाह्यजे काय?" "घरी भांडन झालं काय?" या क्रमाने चौकशी होते. शेवटच्या प्रश्नाला नवशिक्याने नाही म्हटले तरी विचारणारा समजुतीने मान हलवतो आणि ओल्या हरभऱ्याचे चार डहाळे उपटून हातात देतो. घरच्यांपर्यंत बातमी सायकलीच्या आधी पोहोचते. नदीच्या बाजूला एकटा बसला होता, काही बोलत नव्हता, एवढ्या मजकुरावर दोन मेहुणे मोटरसायकलने शोधायला निघतात. हल्ली मोबाइलला शिवारातही बऱ्याच ठिकाणी रेंज मिळते. हे मोबाइल कंपन्यांचे यश असले तरी निसर्ग पाहायला आलेल्याला त्याचा उपद्रव होतो.

ऋतूंपैकी पावसाळ्याचा विचार करूच नये. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते; या मातीतल्या चिकणमातीच्या कणांचा तो गुणच आहे. टायरला लागलेली माती चिमट्यात अडकते, तिच्यावर आणखी बसते, आणि पंधरा किलोची सायकल बघता बघता पंचवीस किलोची होऊन जागच्या जागी थांबते. चाक फिरत नाही, ओढली तर घसरते, उचलली तर बूट चिखलात राहतो. डिस्क ब्रेक, शॉकअप, एकवीस गिअर यांतले काहीही त्या वेळी कामाला येत नाही. कामाला येते ती तुराटी, खरवडायला. उन्हाळ्यात हीच माती आटून भेगाळते आणि भेगा चाक बसेल एवढ्या होतात. शिवाय मे महिन्यात अकोला-वाशिमकडे पारा कुठे जातो हे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयाबीनचा असतो आणि वाटांवर ढिगारे, ताडपत्र्या, ट्रॅक्टर असतात. राहतात डिसेंबर, जानेवारी आणि पळस फुलेपर्यंतचा काळ. तेव्हा हवा सुरेख असते. पण तूर पुरुषभर उंच झालेली असल्याने निसर्गरम्य देखावा म्हणून दोन्ही बाजूंना तूरच दिसते.

काट्यांचे प्रकरण स्वतंत्र आहे. बाभूळ, बोर आणि सराटे हे तिन्ही या मातीत न लावता येतात. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचे एक टोक वर राहते. सायकलीच्या टायरमध्ये ट्यूबऐवजी पांढरा द्रव भरतात, तो भोक आपोआप बुजवतो, असे नवशिक्याला दुकानात सांगितलेले असते. एका वेळी किती भोके, हे त्याने विचारलेले नसते. डोंगरी सायकलीला स्टँडही नसते. त्यामुळे थांबल्यावर ती कशाला तरी टेकवावी लागते, आणि या माळावर टेकवण्याजोगे जे काही आहे ते बाभळीचेच आहे. मग ती ढकलत गावातल्या सायकल दुकानापर्यंत न्यावी लागते. तिथला मिस्त्री आधी अंगठ्याने टायर दाबून पाहतो. ओबडधोबड वाटेसाठी हवा पंचवीस-तीस पौंडांच्या आसपास, टायर थोडा मऊ राहील अशी ठेवतात. मिस्त्रीच्या मते मऊ टायर हे गबाळेपणाचे लक्षण आहे. "हवाच नाही हो याच्यात," असे म्हणत तो टायर गोट्यासारखा टणक होईपर्यंत पंप मारतो आणि पैसे घेत नाही.

सायकलीची पुढची देखभाल याच मिस्त्रीच्या हातात जाते. आधी तो स्टँड बसवतो, कारण स्टँड नसलेली सायकल त्याच्याने पाहवत नाही. मग घंटी. मग मडगार्ड, कारण पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन सोयऱ्यांकडे जाता येत नाही असे घरच्यांचे म्हणणे पडते. शेवटी कॅरिअर. त्यासाठी फ्रेमला भोके नसतात, म्हणून ते बाइंडिंग तारेने आवळले जाते. गादीची चड्डी याच सुमारास धुणे वाळत घालायच्या दोरीवरून नाहीशी होते आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. एके दिवशी वडील सांगतात, वावराकडे चाललाच आहेस तर येताना गोऱ्ह्यासाठी कुटाराचे एक पोते आण. नवशिक्या पोते कॅरिअरवर टाकून इ-क्लासच्या कडेने परत येतो. विहिरीवरचा मालक नुसता हात वर करतो. धुऱ्यावरचे दोघे भाऊबंद मान वर करून पाहतात आणि पुन्हा निंदायला लागतात. मोजणी कवा हाय, रोड कोन्ता येतो, घरी भांडण झाले काय, यांतले काहीही विचारले जात नाही. पोते मात्र हँडलच्या रुंदीत मावेल एवढेच भरावे. त्याहून फुगले तर धुऱ्यावरची तूर मोडते आणि मग थांबून बोलावेच लागते.